अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग : चाळणी-तपासणी कशी सुधारली

धान्य घरी आले म्हणजे ते तसेच दळणाला जात नाही. प्रथम ते चाळतात, मग सुपात घेऊन पाखडतात आणि शेवटी ताटात पसरून हाताने निवडतात. ही तीन कामे निरनिराळी आहेत. चाळणीतून बारीक माती गळून जाते, परंतु दाण्याएवढा खडा दाण्यांबरोबर वरच राहतो. चाळणीची भोके मोठी केली, तर खड्याबरोबर दाणेही गळतात. म्हणून एकट्या चाळणीवर कोणी विसंबून राहत नाही.

वैद्यकातही चाळणी असते. वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या मोठ्या समूहाची सोपी तपासणी करून, ज्यांना एखादा रोग असण्याचा संभव आहे अशी माणसे वेगळी काढणे, याला चाळणी-तपासणी म्हणतात. पुरुषांच्या अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाच्या बाबतीत वैद्यक बरीच वर्षे नुसते चाळत राहिले आणि चाळणीवर जे उरले त्या सगळ्यावर उपचार करीत गेले. त्यामुळे काहींचे प्राण वाचले हे खरे; पण पुष्कळांना नको ते दुखणेही पत्करावे लागले. पुढे पाखडणे आणि निवडणे यांची जोड कशी मिळाली, याची माहिती या पुस्तिकेत दिली आहे.

ग्रंथी आणि तिचे विकार

अष्ठीला ग्रंथी ही फक्त पुरुषांना असते. बोलण्यात आणि दवाखान्यात तिला प्रॉस्टेट म्हणतात. मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे ती असते. तरुणपणी तिचा आकार साधारण अक्रोडाएवढा असतो. मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. वीर्यातील द्रवाचा काही भाग ही ग्रंथी तयार करते.

पन्नाशीनंतर ही ग्रंथी पुष्कळांच्या बाबतीत मोठी होऊ लागते. ही वाढ मूत्रमार्गाभोवतीच्या आतल्या भागात होत असल्यामुळे मार्ग आवळला जातो. लघवीला वेळ लागतो, धार बारीक होते, रात्री दोनतीनदा उठावे लागते. हा त्रास कर्करोगाचा नव्हे. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, गुदाशयाच्या बाजूस सुरू होतो. तेथून मूत्रमार्ग दूर असल्याने प्रारंभी कसलेच लक्षण दिसत नाही. रोग वाढून हाडांपर्यंत गेला म्हणजे कंबर किंवा पाठ दुखू लागते. पण तोपर्यंत तो समूळ बरा करण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग शोधावा, अशी इच्छा डॉक्टरांना का झाली, हे यावरून समजेल.

या कर्करोगाचा दुसरा विशेष मात्र या इच्छेच्या आड येतो. इतर कारणांनी मरण पावलेल्या वृद्धांच्या शवपरीक्षेत अष्ठीला ग्रंथीमध्ये कर्करोगाची लहान केंद्रे वारंवार आढळतात, आणि ऐंशीच्या घरातील पुरुषांत तर ती निम्म्याच्या आसपास लोकांत सापडतात. या माणसांना आपल्याला असा काही रोग आहे याची जन्मभर जाणीवही झालेली नसते. म्हणजे एकाच नावाखाली दोन भिन्न प्रकृतीचे रोग नांदतात : एक आक्रमक व प्राणघातक, आणि दुसरा इतका मंद की माणसाचे आयुष्य संपते, पण रोग काही पुढे सरकत नाही.

रक्तातील एक प्रथिन

पूर्वी या ग्रंथीची तपासणी डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून करीत. बोटाला कठीण गाठ लागली तर संशय घेत. परंतु बोटाला लागण्याइतका रोग वाढलेला असे, आणि ग्रंथीच्या ज्या भागापर्यंत बोट पोहोचत नाही तेथील गाठ निसटून जाई.

१९७० च्या दशकात या ग्रंथीतील एका प्रथिनाचा अभ्यास अनेक प्रयोगशाळांत चालू होता. १९७९ मध्ये अमेरिकेतील बफलो येथे टी. मिंग चू यांच्या सहकाऱ्यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. प्रॉस्टेटविशिष्ट प्रतिजन असे त्याचे नाव असून इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला पीएसए म्हणतात. वीर्य पातळ करणे हे या प्रथिनाचे नित्याचे काम. ते ग्रंथीतच राहावयाचे, पण थोडेसे रक्तात झिरपते. रक्तातील त्याचे प्रमाण नॅनोग्रॅममध्ये मोजतात. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग.

कर्करोगामुळे ग्रंथीची रचना मोडली की हे प्रथिन रक्तात अधिक प्रमाणात उतरते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने १९८६ मध्ये या चाचणीस मान्यता दिली, ती उपचार चालू असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यापुरती. निदानास साहाय्यक म्हणून तिला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. परंतु त्यापूर्वीच निरोगी पुरुषांच्या तपासणीसाठी तिचा वापर झपाट्याने सुरू झाला होता. दर मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा रूढ झाली. त्याहून आकडा अधिक आला की ग्रंथीत सुया खुपसून ऊतकाचे तुकडे काढावयाचे, म्हणजे बायॉप्सी करावयाची. आणि त्यांत कर्करोग दिसला की ग्रंथी काढून टाकावयाची किंवा तिच्यावर किरणोपचार करावयाचे, असा क्रम ठरून गेला.

या क्रमातील पहिला दोष चाळणीतच होता. पीएसए हे ग्रंथीचे प्रथिन आहे, कर्करोगाचे नव्हे. ग्रंथी नुसती वाढली, तिला जंतुसंसर्ग झाला किंवा लघवीसाठी नळी घातली, तरी रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. उलट, ग्रंथी लहान करण्यासाठी दिलेल्या फिनास्टेराइडसारख्या औषधाने ते निम्म्यावर येते. युरोपात झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, वाढलेल्या आकड्यामुळे ज्यांची बायॉप्सी झाली त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांत कर्करोग आढळला नाही. दुसऱ्या बाजूने, अमेरिकेतील एका अभ्यासात ज्यांचा आकडा सात वर्षे ४ च्या वर कधीच गेला नव्हता अशा २,९५० पुरुषांची बायॉप्सी करण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांतील ४४९ जणांना, म्हणजे शेकडा १५ जणांना, कर्करोग होता. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : ज्याच्या एका बाजूस रोग आणि दुसऱ्या बाजूस आरोग्य, असा एकही आकडा अस्तित्वात नाही.

तपासणीचा उपयोग कसा ठरवावा?

तपासणीत रोग लवकर सापडलेले रुग्ण निदानानंतर अधिक वर्षे जगतात, यावरूनच तिचा उपयोग सिद्ध होतो असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु येथे एक फसगत आहे. समजा, एका गृहस्थांना ७० व्या वर्षी हाडे दुखू लागली, तेव्हा रोग कळला आणि ७४ व्या वर्षी ते वारले. निदानानंतर ते ४ वर्षे जगले. आता असे समजा, की त्याच गृहस्थांचा रोग तपासणीमुळे ६२ व्या वर्षीच कळला, पण मृत्यू ७४ व्याच वर्षी आला. आता निदानानंतरची वर्षे १२ झाली. कागदावर सुधारणा तिप्पट दिसते. प्रत्यक्षात आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही, फक्त रोगी म्हणून काढलेली वर्षे वाढली.

हा भ्रम टाळावयाचा तर एकच मार्ग राहतो. हजारो पुरुषांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, दोन गट पाडावेत. एका गटास तपासणीसाठी बोलवावे, दुसऱ्यास बोलवू नये. आणि वर्षानुवर्षे वाट पाहून दोन्ही गटांत या रोगाने किती मृत्यू झाले ते मोजावे.

असे दोन मोठे प्रयोग १९९० च्या दशकात सुरू झाले आणि दोहोंचे निष्कर्ष २००९ मध्ये एकदमच प्रसिद्ध झाले. ते परस्परविरुद्ध दिसत होते. अमेरिकेतील प्रयोगात ७६,६९३ पुरुष होते. तेथे तपासणीने मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. युरोपातील प्रयोगाच्या मुख्य गटात ५५ ते ६९ वर्षे वयाचे १,६२,२४३ पुरुष होते. तेथे या रोगाचे मृत्यू शेकडा २० नी कमी झाले. अमेरिकेतील निष्कर्षाचे एक कारण पुढे उघड झाले. ज्या गटाला बोलावले नव्हते, त्यातील बहुतेक पुरुषांनी केव्हा ना केव्हा आपल्या डॉक्टरांकडून ही चाचणी करून घेतलेली होती. तेव्हा ती तुलना तपासलेले आणि न तपासलेले यांच्यातील राहिलीच नव्हती.

युरोपातील प्रयोगाचा पाठपुरावा चालूच राहिला. २३ वर्षांनंतरचे, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे आहेत : बोलावलेल्या गटात या रोगाने शेकडा १.४ आणि दुसऱ्या गटात शेकडा १.६ पुरुष मृत्युमुखी पडले. म्हणजे मृत्यूंत शेकडा १३ ची घट झाली. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर ४५६ पुरुषांना बोलावल्यावर एकाचा मृत्यू टळला, आणि त्यासाठी १२ जणांना असे निदान ऐकावे लागले की जे एरवी त्यांना ऐकावे लागले नसते.

ब्रिटनमध्ये असेच, पण एकदाच बोलावून पाहिले. १५ वर्षांनंतर, २०२४ मध्ये, त्याचा निष्कर्ष आला : बोलावलेल्यांत मृत्यू शेकडा ०.६९ आणि इतरांत शेकडा ०.७८. लाभ झाला, पण अगदी अल्प. लाभ पुनःपुन्हा तपासण्यात असतो आणि तो दिसण्यास दोन दशके लागतात, हा या सर्व प्रयोगांचा मथितार्थ होय.

लाभाची किंमत

त्या १२ जणांचा विचार केल्यावाचून चाळणीचा हिशेब पुरा होत नाही. ग्रंथीला लागूनच मूत्र रोखून धरणारे स्नायू आणि लैंगिक क्रियेशी संबंध असलेल्या नसा असतात. शस्त्रक्रियेत त्यांना इजा होण्याचा संभव असतो. ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांचे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केवळ निरीक्षण असे तीन गट पाडून जो प्रयोग झाला, त्यात शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी शेकडा ४६ रुग्णांना लघवी शोषणारी घडी वापरावी लागत होती. सहा वर्षांनंतरही हे प्रमाण शेकडा १७ होते, तर निरीक्षणाच्या गटात ते शेकडा ८ होते. ज्याचा रोग मुळात मंद होता, त्याला या त्रासाच्या मोबदल्यात काहीच मिळाले नाही. तो आधीही मरणार नव्हता.

या कारणामुळे अमेरिकेतील रोगप्रतिबंध सल्लागार मंडळाने २०१२ मध्ये कोणत्याही वयाच्या पुरुषांत ही चाळणी करू नये असा सल्ला दिला. तपासण्या घटल्या, तेव्हा पसरलेल्या अवस्थेतील रोगाचे प्रमाण वाढू लागल्याचे आढळले. २०१८ मध्ये मंडळाने सल्ला बदलला : ५५ ते ६९ वर्षांच्या पुरुषाने डॉक्टरांशी विचारविनिमय करून स्वतः निर्णय घ्यावा, सत्तरीनंतर चाळणी करू नये. सहा वर्षांत सल्ला असा फिरला, याचे कारण मंडळाची चंचलता नव्हे. सर्वांना तपासा आणि कोणालाच तपासू नका, हे दोन्ही मार्ग सदोष होते. तपासण्याची पद्धतच सुधारणे आवश्यक होते.

चाळल्यानंतर पाखडणे

पहिली सुधारणा अगदी साधी आहे. आकडा वाढलेला आला तर लगेच बायॉप्सी करावयाची नाही. काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावयाचे. पुष्कळदा आकडा आपोआप खाली येतो. ग्रंथीच्या आकारमानाशी आकड्याचे प्रमाण पाहणे, तसेच रक्तातील मोकळे आणि बद्ध पीएसए निरनिराळे मोजणे, यांनीही संशय कमीअधिक होतो. मोठ्या ग्रंथीचा मोठा आकडा तितकासा भयावह नसतो.

दुसरी सुधारणा अधिक महत्त्वाची आहे. जुन्या पद्धतीच्या बायॉप्सीत डॉक्टर गुदाशयातून ध्वनिलहरींच्या साहाय्याने ग्रंथी पाहत, पण कर्करोगाची गाठ त्यांना बहुधा दिसत नसे. म्हणून ग्रंथीच्या ठराविक दहाबारा जागी सुया टोचून तुकडे काढीत. अंधारात खडे मारण्यासारखाच हा प्रकार. मोठा रोग सुयांच्या मधून निसटे आणि किरकोळ रोग योगायोगाने सुईला लागे.

चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने शरीराच्या आतील चित्रे घेणाऱ्या एमआरआय यंत्राने येथे दृष्टी दिली. शरीरातील पाण्याच्या रेणूंची हालचाल हे यंत्र दाखवू शकते. कर्करोगाच्या भागात पेशी दाटीवाटीने असल्यामुळे पाण्याचे रेणू मोकळेपणाने फिरू शकत नाहीत, आणि तो भाग चित्रात वेगळा उठून दिसतो. मंद व विरळ रोग पुष्कळदा चित्रात दिसतच नाही. पण येथे हा दोष नसून गुणच आहे, कारण तो रोग न सापडणेच रुग्णाच्या हिताचे असते.

ब्रिटनमधील एका परीक्षणात ५७६ पुरुषांची एमआरआय, जुन्या पद्धतीची बायॉप्सी आणि भूल देऊन केलेली अतिशय सूक्ष्म बायॉप्सी अशी तिहेरी तपासणी करण्यात आली. २०१७ मधील निष्कर्षानुसार महत्त्वाचा कर्करोग असलेल्यांपैकी शेकडा ९३ एमआरआयने हेरले. जुन्या बायॉप्सीने केवळ शेकडा ४८. चित्र निर्दोष असेल तर बायॉप्सी टाळावयाची असे ठरविले, तर शेकडा २७ पुरुषांची त्यातून सुटका झाली असती. पुढच्याच वर्षी ११ देशांतील ५०० पुरुषांच्या प्रयोगात, आधी एमआरआय काढून फक्त संशयित जागी सुई टोचल्यास महत्त्वाचे रोग अधिक आणि किरकोळ रोग कमी सापडतात, असे दिसून आले. किरकोळ रोगाचे प्रमाण शेकडा २२ वरून ९ वर आले.

हीच रीत चाळणीत वापरता येईल का, हे स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे पाहण्यात आले. ५० ते ६० वर्षांच्या सुमारे ३८,००० पुरुषांना बोलावले. त्यांपैकी जवळजवळ १८,००० आले. ज्यांचा आकडा ३ किंवा अधिक होता त्यांचे एमआरआय काढले. काहींची चित्राखेरीज इतर जागीही बायॉप्सी केली, आणि काहींची फक्त चित्रात दिसलेल्या जागीच. २०२२ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे दुसऱ्या गटात किरकोळ रोगाची निदाने निम्म्याने घटली. मध्यम स्वरूपाचे थोडे रोग त्या वेळी सुटले. परंतु पुढच्या फेरीत ते हाती लागण्याची संधी असते.

सुई घालण्याचा मार्गही बदलत आहे. गुदाशयातून सुई घातल्यास तेथील जंतू ग्रंथीत जाऊन ताप येण्याचा धोका असतो. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी वृषणकोश व गुदद्वार यांच्यामधील कातडीतून सुई घालतात.

रोग सापडला, तरी थांबणे

बायॉप्सीत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली निवडावे लागतात. पेशींची रचना किती बिघडली आहे यावरून रोगाची प्रत ठरविण्याची पद्धत अमेरिकेतील डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६० च्या दशकात घालून दिली; तीच सुधारून आजही वापरतात. प्रत खालची असेल तर उपचार न करता ठराविक काळाने रक्त, चित्र आणि आवश्यक तेव्हा ऊतक तपासत राहावे, आणि रोगाने डोके वर काढले तरच उपचार करावेत, असा प्रयोग टोरांटो येथे लॉरेन्स क्लॉट्झ यांनी १९९५ मध्ये आरंभिला. याला सक्रिय निरीक्षण म्हणतात.

हे धाडस होते काय? वर उल्लेखिलेल्या ब्रिटनमधील १,६४३ रुग्णांचा १५ वर्षांचा वृत्तांत २०२३ मध्ये आला. या रोगाने दगावलेल्यांचे प्रमाण निरीक्षणाच्या गटात शेकडा ३.१, शस्त्रक्रियेच्या गटात २.२ आणि किरणोपचाराच्या गटात २.९ होते. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान आहे. तथापि निरीक्षणाच्या गटात रोग इतरत्र पसरलेल्यांचे प्रमाण शेकडा ९.४, म्हणजे इतर गटांच्या सुमारे दुप्पट होते, हेही विसरता कामा नये. तेव्हा निरीक्षण म्हणजे दुर्लक्ष नव्हे. ठरलेल्या वेळी तपासणीस न जाणाऱ्या रुग्णास ही वाट उपयोगी नाही.

कोणाची तपासणी, आणि केव्हा?

चाळणी सर्वांसाठी सारखी असण्याचेही कारण नाही. स्वीडनमधील माल्मो शहरात १९८१-८२ मध्ये ६० वर्षांच्या १,१६७ पुरुषांचे रक्त घेऊन गोठवून ठेवले होते. पुढे त्यांचे आयुष्य ८५ व्या वर्षापर्यंत पडताळून पाहिले. ज्यांचा साठाव्या वर्षीचा आकडा १ किंवा त्याहून कमी होता, त्यांना या रोगाने मृत्यू येण्याचा संभव केवळ शेकडा ०.२ होता, आणि एकूण मृत्यूंपैकी शेकडा ९० मृत्यू आकडा २ च्या वर असलेल्या एक चतुर्थांश पुरुषांत झाले होते. म्हणून ज्यांचा आकडा लहान आहे त्यांना अनेक वर्षांनी एकदा, आणि ज्यांचा मोठा आहे त्यांना लवकर लवकर बोलवावे, असा विचार रूढ होत आहे.

पित्याला किंवा सख्ख्या भावाला हा रोग झालेला असेल, तर धोका सुमारे दुप्पट असतो. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित असलेल्या बीआरसीए-२ या जनुकातील बिघाडानेही तो वाढतो. म्हणून आईच्या किंवा बहिणीच्या आजाराची माहितीही पुरुषाने डॉक्टरांना द्यावी.

आपल्याकडील परिस्थिती

भारतात सरकारी कार्यक्रमांतून तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची चाळणी केली जाते. अष्ठीला ग्रंथीची त्यांत नाही. एमआरआय यंत्रे आणि ती चित्रे वाचणारे तज्ज्ञ मुख्यतः शहरांत आहेत. त्यामुळे एकीकडे खेड्यातील पुष्कळ रुग्ण हाडे दुखू लागल्यावरच रुग्णालयात येतात. दुसरीकडे शहरांतील आरोग्य-तपासणीच्या पॅकेजांत ही रक्तचाचणी पुष्कळदा घातलेली असते, आणि कोणाशी काही बोलणे होण्यापूर्वीच एक आकडा माणसाच्या हाती पडतो. चाळणी आहे, पण सूप नाही, अशी ही स्थिती होय.

म्हणून वाचकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लघवीतून रक्त जाणे, लघवी तुंबणे, हाडांतील न थांबणारे दुखणे ही लक्षणे असतील तर चाळणीचा प्रश्नच उरत नाही. विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. लक्षणे नसताना चाचणी करावयाची असेल, तर ती करण्यापूर्वीच पुढील प्रश्न विचारावेत : माझे वय आणि घराण्यातील रोग पाहता मला हिचा उपयोग आहे काय? आकडा वाढलेला आला तर तो पुन्हा तपासला जाईल काय? बायॉप्सीपूर्वी एमआरआय काढण्याची सोय आहे काय? किरकोळ रोग निघाला तर निरीक्षण ठेवण्याची व्यवस्था आहे काय?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर सुधारलेल्या तपासणीचा लाभ घेता येईल. आकडा हाती आल्यावर विचार करू लागण्यापेक्षा रक्त देण्यापूर्वीच घरातील वडीलधाऱ्यांनी व त्यांच्या मुलांनी डॉक्टरांसमवेत बसून तो करावा, हे अधिक श्रेयस्कर.